खांद्यावर चढून घेतलेला कॅच आणि माझं हमखास हरणारं वोट

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधे दर वर्षी एक बक्षीस देतात, मार्क ऑफ द इयर, म्हणजे अख्ख्या सीझनमधला सगळ्यात भारी कॅच. दर राउंड झाला की त्या आठवड्यातले दोन-चार निवडक कॅच क्लिप करून टाकतात, पब्लिक मोबाइलवर बघून वोट टाकते, आणि सीझन संपला की एकाच्या गळ्यात मेडल पडतं. आता नाशिकमधे बसून याच्याशी माझा काय संबंध, तर माझी मावसबहीण मेलबर्नला असते आणि तिचा मुलगा तिथल्या कॉलिंगवूड क्लबचा इतका कट्टर फॅन आहे की मॅचचा वीकेंड संपला की "मावशी वोट कर" असा मेसेज आलाच समजा. वोट कर म्हणजे कॉलिंगवूडवाल्याला कर, हे त्यात धरलेलंच असतं. मी वोट करते, पण माझ्या मनाने करते आणि माझा माणूस जवळजवळ कधीच जिंकत नाही. हे का होतं याच्यावर माझं एक मत बनलंय, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी ज्यांना हा खेळ माहितीच नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. फुटबॉल म्हणजे आपला गोल बॉल नाही, शेरिन नावाचा लांबट अंडाकृती चामड्याचा बॉल, दिवसाच्या मॅचला लाल आणि रात्रीच्या मॅचला पिवळा. दोन्हीकडून अठरा-अठरा जण. ऑफसाइड हा प्रकारच नाही त्यामुळे माणसं मैदानभर कुठेही, बॉल कुठूनही येणार. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोघांतून लाथ मारून घातला तर ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर १. आणि मैदान चक्क क्रिकेटचं. म्हणजे मेलबर्नचं एमसीजी, जिथे २०२२ ला कोहलीने पाकिस्तानच्या तोंडातून मॅच काढली होती, तिथेच हिवाळाभर हा धिंगाणा चालू असतो. हे काही योगायोगाने झालेलं नाही बरं का, हा खेळ मुळात क्रिकेटवाल्यांनीच जन्माला घातलाय. टॉम विल्स नावाचा त्या काळचा मोठा क्रिकेटर होता, त्याने १८५८ ला पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात आपले क्रिकेटर नुसते बसून जाड होण्यापेक्षा फुटबॉल क्लब काढा, आणि पुढच्या वर्षी १८५९ ला मेलबर्न क्लबच्या लोकांनी बसून नियम लिहून काढले. त्याच विल्सने पुढे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या क्रिकेट टीमला कोचिंग दिलं, ती टीम १८६६ च्या बॉक्सिंग डेला एमसीजीवर खेळली. त्याची गोष्ट वेगळी लिहायला पाहिजे खरं तर, बरीच दुःखी आहे, पण आज नको.

तर मार्क. कुणीतरी लाथ मारलेला बॉल निदान १५ मीटर हवेतून आला पाहिजे, मधे कुणाचा हात लागायला नको आणि तुम्ही तो स्वच्छ पकडला की अंपायर शिट्टी वाजवतो. मग खेळ तिथे थांबतो, तुमच्या अंगावर कुणी येऊ शकत नाही, तुम्ही मागे जाऊन आरामात लाथ मारायची. समोर उभ्या असलेल्या विरोधी खेळाडूला तर २०२१ पासून जागचं हलायलाही बंदी आहे, हलला की दंड. म्हणजे कॅच हा इथे नुसता कॅच नाही, त्या सगळ्या हाणामारीत मिळालेली काही सेकंदांची शांतता आहे आणि गोलजवळ असाल तर ६ पॉइंटचा चान्स. म्हणून त्याच्यासाठी माणसं जिवावर उदार होतात.

आणि यातला जो प्रकार लोकांना वेड लावतो त्याला तिकडे स्पेकी म्हणतात. बॉल वरून येतोय, खाली चार-पाच जणांचा घोळका मान वर करून उभा आहे, आणि मागून एक जण पळत येतो, समोरच्याच्या पाठीवर नाहीतर खांद्यावर गुडघा टेकवतो आणि त्याच्या डोक्याच्याही वर जाऊन बॉल काढतो. हे नियमात बसतं. डोळे बॉलवर पाहिजेत आणि प्रयत्न खराखुरा पाहिजे, बस. उगाच कुणाच्या मानेवर चढलात आणि बॉल चार हात लांबून गेला तर उलटी फ्री किक जाते, पण बॉलसाठीच गेला असाल तर तुमचा गुडघा कुणाच्या कानाला घासला तरी अंपायर काही बोलत नाही. ज्याच्या अंगावर चढतात त्याला तिकडे स्टेपलॅडर म्हणतात. आपल्याकडे दहीहंडीला खालच्या थरातल्या गोविंदाला निदान माहीत असतं की आपल्या खांद्यावर कोण उभं राहणारे, दोन महिने प्रॅक्टिस झालेली असते. इथे त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो, तो आपला बॉल बघत असतो आणि अचानक खांद्यावर ऐंशी-नव्वद किलोचा माणूस.

या बक्षिसाच्या मेडलला ज्याचं नाव आहे त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ॲलेक्स जेसाउलेंको. जन्म १९४५ चा, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा, बाप युक्रेनियन, आई रशियन, युद्धानंतर हे कुटुंब बोटीने ऑस्ट्रेलियात आलं आणि कॅनबेरात राहिलं. म्हणजे ज्या खेळाला ते लोक एकदम अस्सल आपला खेळ म्हणतात त्यातल्या सगळ्यात भारी कॅचला एका निर्वासिताच्या पोराचं नाव आहे, आणि ते नाव कॉमेंटेटरच्या तोंडी इतकं बसलं की आजही पोरं खेळताना ओरडतात. १९७० ची फायनल, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड, एमसीजीवर १,२१,६९६ माणसं, हा रेकॉर्ड अजून तुटलेला नाही. आणि आता तुटणारही नाही कारण सगळीकडे खुर्च्या बसवल्यात, तेवढी माणसं मावतच नाहीत. दुसऱ्या क्वार्टरमधे बॉल वर गेला आणि जेसाउलेंको कॉलिंगवूडच्या ग्रॅम जेन्किनच्या पाठीवर चढला. क्लिप बघा. फार जुनी, ब्लॅक अँड व्हाइट, टीव्हीवर पोतं टाकल्यासारखी दिसते, पण तो वर जाऊन थांबतो. खरंच थांबल्यासारखा वाटतो. गुडघे जेन्किनच्या खांद्याच्या लेव्हलला, हात पूर्ण वर, बॉल बोटांत, आणि मग खाली येतो. हाफ टाइमला कार्लटन ४४ पॉइंटने मागे होतं आणि शेवटी १० पॉइंटने जिंकलं, त्यामुळे तो कॅच आणखीच मोठा झाला.

मला मात्र दर वेळी जेन्किनच दिसतो. उंचापुरा, चांगला खेळाडू होता, वर्षानुवर्षं खेळला, आणि पन्नास वर्षांनंतर त्याची ओळख काय तर ज्याच्या पाठीवर जेसाउलेंको चढला तो. त्या सेकंदात तो काही चुकीचं पण करत नव्हता हो. जिथे उभं राहायला पाहिजे तिथेच उभा होता, बॉल जिथे पडणार होता तिथेच. किंबहुना तो बरोबर जागी होता म्हणूनच वरच्याला पायरी मिळाली. चुकीच्या जागी असता तर आज सुखाने अनामिक राहिला असता. २०१९ चं बघा, वेस्ट कोस्टचा लियम रायन मेलबर्नच्या मॅक्स गॉनवर चढला आणि त्या वर्षीचं मेडल घेऊन गेला. गॉन सहा फूट दहा इंचांचा आहे! त्याच्यावर चढायचं म्हणजे आधी शिडी लागते. पण गॉनचं नशीब चांगलं, दोनच वर्षांनी २०२१ ला त्याच्याच कॅप्टनशिपमधे मेलबर्नने ५७ वर्षांनी कप जिंकला, त्यामुळे त्याला स्टेपलॅडर म्हणून कुणी लक्षात ठेवणार नाही. सगळ्यांचं असं होत नाही.

हां, तर वोटिंग.

माझं म्हणणं असं की पब्लिक कॅचला वोट करतच नाही, ती उंचीला वोट करते. आणि त्याचं कारण लोक मूर्ख आहेत असं नाही, कारण मोबाइल आहे. क्लिप दहा-पंधरा सेकंदांची असते, त्यातले निम्मे सेकंद स्लो मोशन, कॅमेरा बाजूने, आणि त्यात एक माणूस दुसऱ्याच्या डोक्यावरून वर येताना दिसला की अंगठा आपोआप तिकडे जातो. छान दिसतंच ते, मीही तोंड उघडं टाकून बघते. पण या खेळात आणखी एका प्रकारचा मार्क असतो जो मोबाइलवर अजिबात भारी दिसत नाही आणि मला विचाराल तर सगळ्यात अवघड तोच. बॉल तुमच्या डोक्यावरून मागे चाललाय, तुम्ही त्याच्याच दिशेने पळताय, मान मागे वळवून वर बघताय, आणि समोरून दोन-तीन जण पूर्ण स्पीडने त्याच बॉलसाठी तुमच्याकडे येताहेत जे तुम्हाला दिसत नाहीयेत. माहीत आहेत, दिसत नाहीयेत. नजर खाली आणली तर बॉल गेला. नाही आणली तर कुणाचा गुडघा कुठे बसेल सांगता येत नाही. बास, एवढाच निर्णय, आणि तो पळता पळता घ्यायचा.

सेंट किल्डाच्या निक रीवोल्टने २००४ ला सिडनीच्या मैदानावर, सिडनीविरुद्धच, असा मार्क घेतला होता. तो पळतोय, पळतोय, एकदाही समोर बघत नाही, आणि सरळ घोळक्यात अंग झोकून देतो. बॉल हातात. ही क्लिप मी आमच्या ऑफिसमधल्या एका क्रिकेटवेड्या सरांना दाखवली तर ते म्हणाले, हे काय, पळत गेला आणि पकडला, यात काय एवढं. मग मी मागे नेऊन दाखवलं की सर, बॉल नका बघू, समोरून येणारी माणसं बघा. दुसऱ्यांदा बघताना ते खुर्चीतच मागे सरकले. त्या वर्षीचं बक्षीस कुणाला गेलं तर वेस्ट कोस्टच्या ॲशली सॅम्पीला, उंच उडीवाला, आणि त्याचा मार्कही अफलातूनच होता त्याबद्दल वादच नाही. पण आज वीस वर्षांनी धाडस म्हटलं की तिकडची माणसं रीवोल्टचीच क्लिप काढतात.

अगदी असं पण नाही की पळणारे कधीच जिंकत नाहीत. २००२ ला ब्रिस्बेनचा जोनाथन ब्राउन हॉथॉर्नविरुद्ध असाच आंधळा मागे पळत गेला आणि त्याला ते मिळालं. आणि त्याची किंमत काय असते हेही याच माणसाकडे बघून कळतं. २०११ ला बॉलसाठी जाताना फ्रीमँटलच्या ल्यूक मॅकफार्लिनला धडकून ब्राउनच्या चेहऱ्याची हाडं मोडली, आणि २०१४ ला डोक्याला परत मार बसल्यावर त्याने खेळणंच थांबवलं. हे वाचल्यावर मला जरा वेगळं पण वाटायला लागलं, की आपण घरात सोफ्यावर बसून अशाच मार्कना वोट करा म्हणतो, म्हणजे पोरांना हेच करा म्हणतोय का. डोक्याच्या मारावरून तिकडे सध्या बरंच कडक झालंय, आणि व्हायलाच पाहिजे. तरी माझं वोट तिकडेच जातं, काय करू.

आपल्या क्रिकेटमधे हे आपल्याला चटकन कळतं कारण आपण ते जगलोय. १९८३ ची फायनल, मदनलालच्या बॉलवर रिचर्ड्सने उचलला आणि कपिल मिडविकेटवरून मागे मागे पळत गेला. त्यात उडी नाही, झेप नाही, लोळण नाही. पळता पळता खांद्यावरून बघत घेतलेला साधा दिसणारा कॅच. आज मोबाइलवर वोटिंग लावलं, एका बाजूला कपिल आणि दुसऱ्या बाजूला २०२४ च्या बार्बाडोसच्या फायनलमधला सूर्याचा मिलरचा बाउंड्रीवरचा कॅच, आत-बाहेर-आत, तर शाळेतली पोरं शंभरातली नव्वद सूर्याला देतील. माझे बाबा कपिलला देतील आणि वर दोन तास भाषण देतील. मी स्वतः कुणाला देईन हे लिहित नाही, घरात राहायचंय मला. पण आपल्या टीममधे २०२३ च्या वर्ल्ड कपपासून ड्रेसिंग रूममधे बेस्ट फील्डरला मेडल देतात बघा, चेन्नईच्या पहिल्या मॅचला कोहलीला मिळालं होतं, ते कोच ठरवतात, पब्लिक नाही. त्यात कधी कधी नुसते रन वाचवलेल्यालाही मेडल मिळून जातं. पब्लिक वोटिंगमधे असा माणूस नॉमिनेशनपर्यंत पण पोचला नसता.

वोटिंगचा आणखी एक घोळ म्हणजे टीम. कॉलिंगवूडचे एक लाखाच्या वर पैसे भरलेले मेंबर आहेत. त्यांच्या खेळाडूने उडी मारली की माझ्या भाच्यासारखे किती अंगठे तयार असतील याचा विचार करा. आमच्याकडे गणपतीच्या डेकोरेशनची ऑनलाइन स्पर्धा असते, ज्याला जास्त लाइक्स तो पहिला, आणि ज्याचा मामेभाऊ, आतेभाऊ, कंपनीतला ग्रुप मोठा त्याचा गणपती पहिला येतो, तसंच थोडंसं. तरी खरं सांगायचं तर तिकडचे फॅन आपल्यापेक्षा बरे, दुसऱ्या टीमच्याने खरंच अफाट मार्क घेतला तर गुमान देऊन टाकतात. २०२४ ला कॉलिंगवूडच्या बॉबी हिलला मेडल मिळालं तेव्हा मीही भाच्याला काही बोलले नाही. तो हिल उंचीने लहानखुरा, २०२२ ला कॅन्सर निघाला होता, त्यातून उठून २०२३ च्या फायनलचा बेस्ट प्लेयर झाला आणि वर हे. त्याच्या उडीला काय नाही म्हणणार.

आणि एक गोष्ट मला फार आवडते ती या यादीतली नावं. लियम जुरा, २०१० चा विजेता, मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या युएंडुमू नावाच्या गावचा, वार्लपिरी माणूस, मेलबर्नपासून हजारो किलोमीटर लांब. अँड्र्यू क्राकूअर, २०११. ॲशली सॅम्पी, लियम रायन, बॉबी हिल, सगळे तिथल्या मूळ रहिवासी समाजातले. निक नाइतनुई २०१५ चा, आईवडील फिजीचे. मार्नग्रूक नावाचा पोसमच्या कातड्याच्या बॉलचा जुना खेळ मूळ रहिवासी खेळायचे, त्यातही उंच उडी मारून बॉल पकडायचे, आणि त्याचा या खेळावर किती परिणाम झाला यावर तिकडच्या इतिहासकारांची कडाक्याची भांडणं आहेत. मी त्यात पडत नाही. पण वर उड्या मारणाऱ्यांची नावं वाचत गेलं की नुसती क्लिप बघून जे कळत नाही ते थोडं कळतं.

बरं, हे सगळं मी लांबून बोलतेय असं वाटत असेल तर गेल्या जानेवारीतलं ऐका. तिकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते म्हणून ताई आणि भाचा नाशिकला आलेले, आणि साहेबांनी बॅगेत स्वतःचा शेरिन बॉल आणलेला. इंदिरानगरला आमच्या सोसायटीमागे एक मोकळा प्लॉट आहे, तिथे रोज संध्याकाळी पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळतात. थंडी मरणाची, सगळे कानटोप्या घालून, आणि याने तो लाल अंडाकृती बॉल काढला. पहिला अर्धा तास तो बॉल कुणालाच ऐकेना. टप्पा पडला की डावीकडे जाईल का उजवीकडे त्यालाच माहीत नाही, एकदा वॉचमनकाकांच्या खुर्चीखाली, एकदा कुणाच्यातरी स्कूटीच्या आरशावर. भाचा दाखवत होता, बोटं अशी पसरायची, दोन्ही अंगठे मागे, बॉलचं टोक चेहऱ्याकडे, छातीवर घ्यायचा नाही, डोक्याच्या वर हात ताठ करून घ्यायचा. पोरांनी ते फार ऐकलं नाही पण दुसऱ्याच्या पाठीवर चढता येतं एवढं मात्र ताबडतोब समजलं. मग काय. दोन कानटोप्या, एक चष्मा आणि एका स्वेटरची बाही असा हिशेब झाला आणि वरच्या मजल्यावरून आजोबा ओरडले की दवाखान्याचं बिल कोण भरणारे.

शेवटी भाचा म्हणाला आता वोटिंग, बेस्ट मार्क कुणाचा. बी विंगमधला एक बारका होता, तो सगळ्यात उंच पोराच्या पाठीवर असा काही चढला होता की सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या, आणि बॉल त्याच्या हातातून निसटून खाली पडला होता. पडला होता! म्हणजे मार्क झालाच नव्हता. आणि एक मुलगी, सहावीतली असेल, ती कंपाउंडच्या भिंतीकडे उलटी पळत गेली, भिंत जवळ आली तरी थांबली नाही, खांद्यावरून बॉल घेतला आणि मग दणकन भिंतीला टेकली. चपला कुठल्या कुठे. हात वर झाले, बारक्याला जवळजवळ सगळे, तिला एकच. तो एक हात माझा होता आणि भाचा म्हणाला मावशी मोठ्यांचं वोट धरत नाहीत. मी म्हटलं अरे त्याने पकडलाच नाही. तर सगळे मिळून म्हणाले, पण काकू कसला उडाला ना तो!

यावर मी काय बोलणार. ती मुलगी मात्र अजिबात नाराज दिसली नाही, कोपर झाडलं आणि बॉल मागायला लागली.

आता याच्या बरोबर उलटं टोक सांगते. २००५ ची फायनल, सिडनी विरुद्ध वेस्ट कोस्ट. सिडनीचा क्लब शेवटचा जिंकलेला १९३३ ला, तेव्हा तो साउथ मेलबर्न होता, म्हणजे ७२ वर्षं झालेली. शेवटचे काही सेकंद, सिडनी ४ पॉइंटने पुढे, आणि वेस्ट कोस्टच्या डीन कॉक्सने गोलच्या दिशेने उंच लाथ मारली. एक बरोबर मार्क आणि त्यावर एक गोल, की कप गेला. खाली मोठा घोळका, दोन्ही टीमचे सगळे तिथेच, आणि बाजूने लियो बॅरी नावाचा सिडनीचा डिफेंडर पळत आला आणि त्या सगळ्यांच्या आडवा उडाला. आडवा, वर नाही. बॉल हातात, खाली पडला, आणि मॅच संपल्याचा सायरन. बघा तो कॅच, दिसायला अगदी सुंदर म्हणता येणार नाही, धसमुसळा आहे, आजूबाजूला हातच हात आहेत. त्या वर्षीचं मार्क ऑफ द इयर ल्यूक मॅकफार्लिनला, तोच ज्याला पुढे ब्राउन धडकला. पण २००५ म्हटलं की सिडनीवाला लियो बॅरी म्हणणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मला वाटतं वोटिंगमधे एक प्रश्न विचारतच नाहीत, की हा कॅच सुटला असता तर काय झालं असतं. तो विचारला तर निम्म्या स्पेकीज पहिल्या फेरीतच बाद होतील. पहिल्या क्वार्टरमधे मैदानाच्या मधोमध उगाच कुणाच्या डोक्यावर चढून घेतलेला मार्क, दिसायला झकास, पण सुटला असता तरी कुणाच्या बापाचं काही गेलं नसतं.

भाचा यावर म्हणतो की मावशी, मग ते बक्षीस वेगळं काढा ना, हे सुंदर कॅचचंच आहे. यात दम आहे हे मला मान्य करावं लागतं. एवढ्या थंडीपावसात लोक मैदानात जातात ते काय फक्त पॉइंट मोजायला जात नाहीत.

कुणाला बघायचं असेल तर नाशिकच्या घड्याळात हा खेळ एकदम सोयीचा बसतो, मेलबर्न त्या काळात आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. शनिवारी दुपारची मॅच आपल्याकडे नाश्त्याच्या वेळेला चालू होते, म्हणजे मिसळ खाऊन घरी आलात तरी दुसरा क्वार्टर मिळतो. फायनल सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, तिकडची अडीच म्हणजे आपली सकाळचे दहा. आणि वोट करणार असाल तर माझी एकच विनंती, क्लिप एकदा आवाज बंद करून बघा. कॉमेंटेटर इतका बोंबलतो की पायात आलेला बॉल पण स्पेकी वाटतो. दुसऱ्यांदा बॉल सोडून बाकीची माणसं बघा, कोण कुठून येतंय, पकडणाऱ्याला ते दिसत होतं का. मग कुणालाही द्या.

एका क्लिपवरून मात्र आमच्यात कायमचं फाटलंय, गॅरी ॲब्लेट सीनियर, जिलाँगचा, १९९४. कॉलिंगवूडच्या गॅरी पर्टच्या मागून वर गेला, अंग हवेत वेडंवाकडं, बॉल एका हातात आल्यासारखा, आणि खाली पडताना सुटल्यासारखा. अंपायरने मार्क दिला. क्रिकेट असतं तर गेलं नसतं हे, आपल्याकडे बॉलवर आणि स्वतःच्या अंगावर दोन्हीवर ताबा पाहिजे, १९९९ ला हेडिंग्लीला गिब्सने स्टीव्ह वॉचा कॅच घेतला आणि आनंदात उडवायच्या नादात सोडला ते आठवतंय ना, अंपायरने ढुंकूनही बघितलं नाही आणि वॉ नाबाद १२० करून गेला. या खेळात थोडा वेळ ताबा दिसला की पुरतं, म्हणून ॲब्लेटचा मार्क हा मार्क आहे असं मी म्हणते. भाच्याचा जन्म व्हायला तेव्हा बरीच वर्षं होती, पण तो म्हणतो अजिबात नाही, सुटला होता, अंपायर जिलाँगचा होता. मग मी त्याला प्लॉटवरच्या बी विंगवाल्या बारक्याची आठवण करून दिली, तेव्हा कुठे गेला होता तुझा नियम. त्याने दोन दिवस रिप्लाय दिला नाही आणि मग नुसती पुढच्या राउंडची लिंक पाठवली.